‘सीटच बदला’ या सल्ल्याला उत्तर

कारच्या सीटमधला विजेवर चालणारा लंबर सपोर्ट, म्हणजे कंबरेच्या खोलगट भागाला मागून रेटा देणारा आधार, बंद पडला की वर्कशॉपमधून ठरलेलं उत्तर येतं. ‘मोटर गेली. सुटी येत नाही. पाठीचा अख्खा सांगाडा मागवावा लागेल.’ रक्कम ऐकून गिऱ्हाईक गप्प होतं. मग दुसरा सल्ला मिळतो, ‘नाहीतर राहू द्या, पाठीला एक उशी लावा.’ असं सांगणारे सगळे लबाड असतात असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांना ते मनापासून पटलेलं असतं, आणि म्हणूनच त्यांना मुद्देसूद उत्तर द्यायला हवं. माझा पेशा गाड्यांच्या वायरिंगचा आहे. सीटखाली मान घालून काम करण्यात आयुष्य गेलं. त्या जोरावर सांगतो, मीटर न लावता दिलेला ‘मोटर गेली’ हा निकाल बहुतेक वेळा टिकत नाही.

आधी आत काय असतं ते पाहू, कारण सगळा वाद तिथेच मिटतो. लंबर सपोर्ट मुख्यतः दोन जातींचे. पहिल्यात फोमच्या मागे तारांची किंवा प्लॅस्टिकची लवचिक जाळी असते. छोटी मोटर गिअरमधून एक केबल ओढते, स्कूटरच्या क्लचला असते तशीच, आणि जाळी पुढच्या बाजूला कमानीसारखी वाकते. दुसऱ्या जातीत हवेची पिशवी असते, एक छोटा पंप ती फुगवतो आणि व्हॉल्व्ह हवा धरून ठेवतो किंवा सोडतो. काही गाड्यांत आधार नुसता पुढे-मागे होतो, महागड्यांत वर-खालीही सरकतो. म्हणजे साखळी अशी: बॅटरी, फ्यूज, स्विच, वायर, सीटखालचा कनेक्टर, मोटर किंवा पंप, आणि शेवटी केबल किंवा हवेची नळी. यातली कुठलीही एक कडी तुटली तरी बसणाऱ्याला एकच कळतं, की पाठीला आधार लागत नाही. एवढ्यावरून थेट मोटरवर बोट ठेवणाऱ्याने मधल्या सगळ्या कड्या न बघताच सोडून दिलेल्या असतात.

खरं तर बिघाड स्वतःच बरंच काही सांगतो, फक्त गिऱ्हाइकाला नीट विचारावं लागतं. बटण दाबल्यावर आवाज येतो का? दोन्ही बाजूंना तेच होतं का? आधार येऊन पुन्हा बसतो का? सीट पुढे-मागे, वर-खाली होते का? जॉब कार्डावर मात्र ‘लंबर नॉट वर्किंग’ एवढेच तीन शब्द लिहिलेले असतात, आणि त्या तीन शब्दांवर हजारो रुपयांचं एस्टिमेट उभं राहतं.

आधार पुढे येतो पण मागे जात नाही, किंवा उलट, ही तक्रार घ्या. यांत्रिक जातीत या मोटरला दोनच वायरी असतात. बटण सोडलेलं असताना स्विच त्या दोन्ही वायरी अर्थला जोडून ठेवतो. एका बाजूला दाबलं की एका वायरीवर बारा व्होल्ट येतात, दुसरी अर्थलाच राहते. दुसऱ्या बाजूला दाबलं की अदलाबदल होते आणि मोटर उलटी फिरते. मोटर तीच, वायरी त्याच, फक्त दिशा स्विच ठरवतो. जी मोटर एका बाजूला व्यवस्थित फिरते तिची वाइंडिंग जळलेली असूच शकत नाही. आधार एका टोकाला जाऊन अडकलेला नाही ना, एवढं पाहायचं आणि मग स्विच उघडायचा. आत तांब्याची पाती काळी पडलेली दिसतात. अशा तक्रारीवर मोटरसकट सांगाडा बदलण्याचं एस्टिमेट जेव्हा समोर येतं, तेव्हा मला संताप येतो, कारण हे दोन वायरींचं गणित आयटीआयच्या पोरालाही येतं.

काहीच हलत नाही आणि आवाजही नाही, तेव्हा सीटच्या बाकीच्या हालचाली चालतात का ते आधी बघायचं. सगळंच मेलं असेल तर फ्यूज, सर्किट ब्रेकर किंवा सीटचा अर्थ. एकटा लंबर मेला असेल तर त्याचा स्विच, त्याच्या वायरी, सीटखालचा कनेक्टर. काही गाड्यांत लंबरचा फ्यूज वेगळा असतो, म्हणून गाडीच्या पुस्तकातला फ्यूजचा तक्ता उघडल्याशिवाय बोलायचं नाही. लोक फ्यूज नुसता डोळ्याने बघतात आणि ‘चांगला आहे’ म्हणतात. फ्यूजच्या दोन्ही टोकांवर करंट येतो का, हे दिवा लावून बघायला क्षणभर लागतो. आणि एक, बटण खूप वेळ दाबून ठेवलं की काही मोटरींमधलं तापमानाचं संरक्षण मोटर बंद पाडतं. थोडा वेळ थांबलं की ती आपोआप चालू होते. असली मोटर ‘गेली’ म्हणून काढली जाऊ नये, एवढंच.

आता मीटरबद्दल, कारण इथे जाणकारही घसरतात. कनेक्टर सोडवून मोकळ्या टोकावर मल्टिमीटर लावला, साडेबारा व्होल्ट दिसले, आणि ‘करंट येतोय, म्हणजे मोटर गेली’ असा निकाल दिला, ही सर्रास पद्धत आहे. ती चुकीची आहे. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या पिनेतूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तेच मोजमाप कनेक्टर जोडलेला ठेवून, मागून पिन घालून, बटण दाबलेलं असताना घ्या. साडेबाराचे सात किंवा आठ झाले तर दोष मोटरच्या अलीकडे आहे, कुठेतरी कनेक्टरमध्ये किंवा अर्थमध्ये करंट अडतोय. पूर्ण व्होल्टेज टिकलं आणि तरी मोटर गप्प असेल, तेव्हाच मोटरवर संशय घ्यायचा. तेव्हाही ती जाळीपासून सोडवून, फ्यूज लावलेल्या वायरीने थेट बॅटरीवर चालवून पाहायची. एवढं करून ती हलली नाही, तर मोटर गेली हे मला मान्य आहे, वाद संपला.

जुना टेस्ट लॅम्प या कामात मीटरइतकाच उपयोगी आहे, कारण तो करंट ओढतो आणि खोट्या जोडणीवर मिणमिणतो. पण तो फक्त मोटरच्या वायरींवर. पिवळ्या कनेक्टरच्या जवळपासही न्यायचा नाही. त्याबद्दल पुढे बोलतो.

‘स्कॅनर लावला, काही कोड आला नाही,’ हा अलीकडचा युक्तिवाद. साध्या दोन वायरींच्या लंबरमध्ये कुठलंही मॉड्यूल नसतं, त्यामुळे स्कॅनरला त्याचं अस्तित्वच माहीत नसतं. कोड न येणं हा तिथे कशाचाही पुरावा नाही. ज्या गाड्यांत सीटचं वेगळं मॉड्यूल आहे, मेमरी आहे, तिथे स्कॅनर जरूर लावावा. बटण दाबल्याची खबर मॉड्यूलपर्यंत पोचते का, हे तिथे थेट दिसतं. पण गाडीत कुठली रचना आहे हे न बघता स्कॅनरच्या मौनावर निकाल देणं म्हणजे तपासणी झाल्याचा देखावा.

आपल्याकडचा पाऊस या सगळ्यात मोठा वाटेकरी आहे. ओले बूट, ओले मॅट, एसीचा ड्रेन तुंबून कार्पेटखाली साचलेलं पाणी, आणि त्याच कार्पेटवर सीटखाली लोंबणारे कनेक्टर. गणपतीनंतर सीटच्या तक्रारी वाढतात त्या यामुळे. पिनेवर हिरवट थर आलेला असतो, कारागीर त्याला कार्बन म्हणतात. कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, पिन थोडी आवळली, कनेक्टर कार्पेटपासून वर उचलून बांधला, की काम झालं. दुसरा वाटेकरी सीटकव्हर. कव्हर घट्ट बसावं म्हणून मागून हुक अडकवताना कारागीर कधी जाळीच्या तारेला हुक लावतो, कधी हवेच्या नळीला ओढ देतो. जाड रेक्झिनच्या कव्हरखाली चांगला लंबरही जाणवत नाही. आणि ज्या सीटच्या कुशीत एअरबॅग आहे तिच्यावर साधं कव्हर चढवणं तर सरळ धोक्याचं आहे.

हवेच्या पिशवीच्या बाबतीत एक काम सांगतो. साताऱ्याकडच्या एका शिक्षिकेची जुनी सेडान. बटण दाबलं की पंप घुमायचा, आधार व्यवस्थित यायचा, आणि घाट चढून होईपर्यंत पाठ पुन्हा सपाट. एका मोठ्या वर्कशॉपने पाठीचा पूर्ण सांगाडा लिहून दिला होता. मागचं पॅनल उघडलं आणि आधार फुगवून कान लावला. सांगाड्याच्या पत्र्याची एक कड नळीला घासत होती. साबणाचं पाणी ब्रशने लावलं तर नेमक्या तिथे बारीक बुडबुड्यांची माळ उठू लागली. बोटाच्या नखाएवढी चीर. तेवढा तुकडा कापून काढला, दोन टोकं जॉइंटर घालून क्लिपने आवळली, पत्र्याच्या कडेवर रबराची पट्टी चढवली, आणि आधार फुगवून गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी आधार जागच्या जागी होता. पंप, पिशवी, व्हॉल्व्ह, स्विच, सगळं मुळात चांगलंच होतं. पंप चालतो आणि आधार येऊन बसतो, याचा अर्थ वीज पोचते आहे आणि हवा गळते आहे. हे निदान पॅनल उघडण्याआधीच करता येत होतं. अशाच प्रकारे, मोटरचा आवाज येतो पण जाळी हलत नसेल तर केबल खोबणीतून निसटलेली असते किंवा नायलॉनच्या गिअरचे दात गेलेले असतात. यात वायरिंगचा काही संबंधच नाही.

आता ‘सुटी येत नाही’ या म्हणण्याकडे वळू. काही गाड्यांच्या बाबतीत ते खरं आहे. पार्ट कॅटलॉगमध्ये मोटर सांगाड्यासकटच दाखवलेली असते. पण हा निसर्गाचा नियम नाही, विकण्याची पद्धत आहे, आणि तिच्यावर या देशात निर्णय झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना खुलेपणाने मिळू दिली जात नाही, हाच त्यातला ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण आयोगाने नोंदवलेली परिस्थिती आम्ही रोज बघतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यातही मोटारींचं क्षेत्र आहे. म्हणजे ‘येत नाही’ हे उत्तर ऐकून मान डोलावण्याचे दिवस राहिलेले नाहीत. पार्ट नंबर मागा, तो लेखी मागा.

शिवाय सुटी न येणारी वस्तू सुटी दुरुस्त होऊ शकते. स्विच उघडून पाती साफ होतात. कनेक्टरची पिन बदलता येते. नळी जोडता येते. मोटर स्क्रूने बसवलेली असेल तर तिचा नंबर आणि कनेक्टर जुळवून कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तशीच दुसरी आणता येते. मी एकच गोष्ट भंगारातून आणू देत नाही, ती म्हणजे एअरबॅग आणि ती बसवलेली सीटची पाठ. तिचा इतिहास कुणालाच माहीत नसतो.

एअरबॅगचा मुद्दा हा विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि त्यातलं खरेपण मी पूर्ण मान्य करतो. अनेक गाड्यांत सीटच्या बाहेरच्या कुशीत साइड एअरबॅग असते, सीटखालून तिच्या, सीटबेल्टच्या आणि माणूस बसल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरच्या वायरी जातात. पिवळा कनेक्टर म्हणजे थांबा. सीट सोडवायची असेल तर इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचं. पिवळ्या वायरींवर ओहममीटर किंवा दिवा कधीही लावायचा नाही. ते कनेक्टर सुटे असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. हे ज्याला पाळता येत नाही त्याने घरी सीट सोडवू नये.

पण या धोक्यावरून ‘म्हणून तपासू नका, सीटच बदला’ असा निष्कर्ष कसा निघतो? पाठीचा सांगाडा बदलताना तेच पिवळे कनेक्टर सोडवावे लागतात, तीच एअरबॅग जुन्या सांगाड्यावरून काढून नव्यावर चढवावी लागते. उलट फ्यूज बघणं, तक्रारीचा प्रकार ओळखणं, स्विच तपासणं आणि बहुतेक गाड्यांत सीटखालच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजणं, यासाठी सीट उतरवावी लागत नाही. धोका कमीत कमी असलेलं काम आधी करायचं, हा साधा क्रम आहे. एअरबॅगची भीती घालून जास्त धोक्याचं आणि जास्त खर्चाचं काम आधी करणं याला सुरक्षिततेचं नाव देऊ नका.

तपासायला वेळ लागतो आणि तो परवडत नाही, असं वर्कशॉपवाले म्हणतात. या तक्रारीशी माझी सहानुभूती आहे. गिऱ्हाईक नव्या पार्टचे पैसे मुकाट देतं, पण ‘तपासणीचे पाचशे’ म्हटलं की वाद घालतं. हे चूकच आहे. निदान हे कसबाचं काम आहे, त्याचे वेगळे पैसे उघडपणे मागा आणि गिऱ्हाइकाने ते द्यावेत. पण तपासणी टाळून तिची किंमत सांगाड्याच्या बिलात वसूल करणं हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. आणि नवा सांगाडा घालूनही दोष सीटखालच्या कनेक्टरमध्येच राहिला असेल, तर पुढच्या पावसात गाडी पुन्हा दारात.

राहिली उशी. ‘ही चैनीची सोय आहे, नसली म्हणून काय बिघडलं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन या अस्थिशल्यतज्ज्ञाने १९६० च्या दशकात माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजला. पुढे १९७४ मध्ये त्याच्याच गटाने कारच्या ड्रायव्हर सीटवर मोजमाप केलं. पाठ थोडी मागे कललेली आणि कंबरेला आधार असला की दाब उतरतो, असं त्यांना आढळलं. व्होल्वोने समायोजित होणारा कंबरेचा आधार सीटमध्ये दिला तो त्याच दशकांतला. नुसतं बसणं हे उभं राहण्यापेक्षा किती वाईट, यावर नंतर मतभेद झाले. १९९९ मध्ये जर्मनीत विल्के यांनी केलेल्या मोजमापात आरामात बसण्याचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त भरला नाही. ते मी लपवत नाही. पण गाडी चालवणारा आरामखुर्चीत बसलेला नसतो. पाय पुढे ताणलेले, खालून सतत हादरे, आणि पुणे–कोल्हापूरसारख्या प्रवासात तासन्‌तास जागा बदलायची सोय नाही. ज्यांची पाठ आधीच दुखते आहे त्यांच्यासाठी हा आधार चैन नाही.

उशी त्याची जागा घेत नाही. ती तुम्हाला पुढे ढकलते, म्हणजे स्टीअरिंगमधल्या एअरबॅगपासून छातीचं अंतर कमी होतं. ते किमान २५ सेंटिमीटर राखावं असं सांगितलं जातं. डोकं हेडरेस्टपासून दूर जातं, मागून धक्का बसला तर मानेला आधार उशिरा मिळतो. ब्रेक दाबला की उशी सरकते आणि ती नीट करायला हात स्टीअरिंगवरून निघतो. शिवाय लंबर पुढे फुगलेल्या अवस्थेत अडकला असेल तर उशीचा उपयोगच काय? अडकलेला आधार हा नसलेल्या आधारापेक्षा वाईट असतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत संबंधित माहिती मुद्दाम दडवणंही धरलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी ‘मोटर गेली’ असं सांगितलं गेलं, तर सही करण्याआधी शांतपणे विचारा: फ्यूजच्या दोन्ही टोकांवर काय दिसलं? कनेक्टर जोडलेला असताना, बटण दाबून मोटरवर किती व्होल्ट आले? मोटर थेट बॅटरीवर चालवून पाहिली का? उत्तरं जॉब कार्डावर लिहून घ्या. काढलेला जुना भाग परत मागा. तपासणीचे पैसे मागितले तर द्या. उत्तरं मिळाली नाहीत, तर एस्टिमेटवर सही करू नका आणि गाडी एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या.